विस्मृतीचा इतिहास आणि मेंदूतील स्नेह

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा घरभर शोधला, की नातवंडे ती म्हण हसत हसत म्हणतात आणि आजोबाही त्या हसण्यात सामील होतात. परंतु त्याच आजोबांनी पुढे एके दिवशी आपल्या मुलाकडे पाहून 'आपण कोण?' असे विचारले, म्हणजे ती म्हण कोणाच्याही ओठांवर येत नाही. विनोद आणि व्याधी यांच्यामधली ही सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न फार जुना आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास मात्र जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे, आणि तोच आज आपण पाहणार आहोत.

या इतिहासाचा आरंभ वाराणसीपासून करावा असे वाटते. आपल्या म्हणीची सख्खी बहीण तेथे एका शब्दात नांदते. वृद्ध माणूस विसरू लागला, उगाच संतापू लागला, म्हणजे तेथील लोक 'सठिया गये' असे म्हणतात. साठ या आकड्यावरूनच तेथे 'सठियाना' हे क्रियापद तयार झाले आहे. शिवाय काशी आणि महाराष्ट्र यांचे नाते काही आजचे नव्हे. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्याने तेथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यादान केले, आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. शिंदे आणि भोसले यांची नावे आजही तेथील घाटांना आहेत. आयुष्याच्या संध्याकाळी 'काशीवास' पत्करण्याची आस आपल्याकडील कित्येक वृद्धांनी मनात बाळगली. अशा रीतीने वार्धक्य ज्या नगरीत दुरून चालत येऊन वस्ती करते, तिच्याइतके वार्धक्याचे दर्शन दुसरीकडे कोठे घडणार?

हेच जाणून लॉरेन्स कोहेन नावाचे एक अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ 1980 नंतरच्या दशकात वाराणसीत येऊन राहिले. धनिकांच्या वसाहती, बंगाली मोहल्ले आणि नगवा येथील गरिबांची वस्ती अशा निरनिराळ्या ठिकाणी हिंडून, म्हातारपणी बुद्धी ढळते म्हणजे काय होते याविषयी तेथील लोकांना काय वाटते, हे त्यांनी समजावून घेतले. त्यावरील त्यांचा ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले ते असे, की वृद्धाची बुद्धी चळली म्हणजे पुष्कळदा लोकांचे बोट मेंदूकडे न जाता कुटुंबाकडे जाते. मुले सेवा करीत नसतील, सुनेने हेळसांड केली असेल, काळ बिघडला आणि घरे मोडली, म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले, अशी ती कारणमीमांसा. म्हणजे विस्मृती वृद्धाला होते आणि ठपका मात्र घरावर येतो. या ठपक्याचे ओझे किती घरांनी मुकाट्याने वाहिले असेल, याची कोठेच नोंद नाही. म्हणूनच विस्मृतीचे खरे कारण शोधणे ही केवळ प्रयोगशाळेची जिज्ञासा उरत नाही. कोणाला दोष द्यायचा आणि कोणाला मुक्त करायचे, हाही प्रश्न तिच्यात गुंतलेला आहे.

काशीचाच आणखी एक धागा येथे हाती घेऊ. सुश्रुतसंहितेची परंपरा सांगते, की काशिराज दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुतादी शिष्यांना आयुर्वेद शिकवला. त्या शास्त्रात 'स्नेह' हा शब्द पदोपदी येतो. घृत, तैल, वसा आणि मज्जा हे चार महास्नेह होत. कवटीतील मऊ द्रव्याला आयुर्वेद 'मस्तुलुंग' म्हणतो, आणि टीकाकारांनी त्याची तुलना थिजलेल्या तुपाशी केली आहे. आजच्या शास्त्रातील सारे त्या ग्रंथांत आधीच होते, असे सांगण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि तो आवरलेलाच बरा. परंतु एक निरीक्षण त्या वैद्यांनी अचूक केले होते. मेंदू हा खरोखरच स्निग्ध अवयव आहे. त्यातील पाणी वगळले, तर उरलेल्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग मेदाचा असतो. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के भरणाऱ्या या अवयवात शरीरातील कोलेस्टेरॉलचा पंचमांश ते चतुर्थांश साठा असतो. युरोपात मेंदूतील या स्निग्ध द्रव्यांचे पहिले सखोल रासायनिक विवेचन लंडनमधील थुडिखुम यांनी 1884 मध्ये केले. पण त्या काळी त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. स्नेहाची ही उपेक्षा पुढेही पुष्कळ काळ चालू राहायची होती.

आता आपल्याला जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी जावे लागेल, कारण ज्या व्याधीचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे, तिची पहिली नोंद तेथे झाली. 1901 च्या नोव्हेंबरमध्ये ऑगस्टे डेटर नावाच्या 51 वर्षांच्या बाईंना तेथील मनोरुग्णालयात आणण्यात आले. स्वतःचे नाव लिहावयास सांगितले, तर ते पुरे लिहून होण्यापूर्वीच त्या विसरून जात. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी त्यांच्या उत्तरांची बारकाईने टिपणे ठेवली. 1906 च्या एप्रिलमध्ये बाई निवर्तल्या, तेव्हा त्यांचा मेंदू म्युनिकला अल्झायमर यांच्याकडे पाठवण्यात आला. त्याच वर्षी 3 नोव्हेंबर रोजी टुबिंगेन येथील सभेत त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही. पुढे 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले.

अल्झायमर यांना सूक्ष्मदर्शकातून काय दिसले? मज्जापेशींच्या आत गुंतवळ झालेले तंतू दिसले, आणि पेशींच्या बाहेर एका विलक्षण द्रव्याचे ठिपके साचलेले दिसले. या दोन खुणा आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. परंतु 1907 च्या त्या छोट्याशा वृत्तांतात तिसरीही एक गोष्ट नोंदलेली आहे. मज्जापेशींची देखभाल करणाऱ्या आधारपेशींमध्ये मेदाचे थेंब साठलेले होते. ही तिसरी खूण पुढे जवळजवळ विस्मरणात गेली. विस्मृतीच्या व्याधीविषयीच शास्त्राला विस्मृती व्हावी, हा योग विचित्र खरा. त्याला एक साधे व्यावहारिक कारणही होते. मेंदूचे पातळ काप करण्यापूर्वी ते मद्यार्कादी द्रवांतून काढण्याची प्रयोगशाळेतील नेहमीची रीत असे, आणि त्या द्रवांत मेद विरघळून जाई. जे धुऊनच टाकले, ते दिसणार कसे?

उरलेल्या दोन खुणांपैकी बाहेरच्या ठिपक्यांची कथा आधी पाहू. 1854 मध्ये व्हिर्खो या जर्मन वैद्याने शरीरात साचणाऱ्या एका द्रव्यावर आयोडीन टाकून पाहिले. पिष्टावर आयोडीन टाकले असता जसा रंग येतो तसाच काहीसा रंग आला, म्हणून त्याने त्याला 'ॲमिलॉइड', म्हणजे पिष्टासारखे, असे नाव दिले. पाचच वर्षांनी फ्रीडराइख आणि केकुले यांनी दाखवून दिले, की हे द्रव्य पिष्टमय नसून प्रथिनासारखे आहे. तोवर नाव रूढ झाले होते, आणि चुकलेले नाव बरोबर ठरलेल्या वस्तूला कायमचे चिकटले. मेंदूतील ठिपक्यांच्या गाभ्याशी हेच ॲमिलॉइड आहे, हे बेल्जियमच्या दिव्री यांनी 1927 मध्ये दाखवले. ते नेमके कोणते प्रथिन, हे कळण्यास मात्र 1984 साल उजाडावे लागले. ग्लेनर आणि वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांमधून ते वेगळे काढले. सुमारे चाळीस-बेचाळीस दुव्यांचा तो एक लहानसा तुकडा, मोठ्या प्रथिनापासून कापला गेलेला. एकटा असतो तेव्हा तो निरुपद्रवी असतो. पण हे तुकडे एकमेकांना चिकटले, तंतू झाले, की त्यांचे ढीग साचू लागतात. असे तुकडे प्रत्येकाच्याच मेंदूत रोज तयार होतात आणि रोज निघूनही जातात. मग कोणाच्या मेंदूत ते साचून का राहतात?

या प्रश्नाचे उत्तर अशा एका दिशेने आले, जिकडे मेंदूच्या अभ्यासकांचे लक्षच नव्हते. ती दिशा होती हृदयरोग आणि रक्तातील मेद यांच्या अभ्यासाची. रक्त हे पाण्यासारखे आणि मेद पाण्यात न मिसळणारा. तेव्हा मेद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणार कसा? त्यासाठी शरीराने नौका बांधल्या आहेत. काशीच्या घाटावर पैलतीराला जायचे, तर नावाड्याची गरज असते, तसेच हे आहे. काही प्रथिने मेदाला पोटाशी घेऊन रक्तातून वाहत नेतात आणि योग्य त्या पेशीच्या धक्क्याला लागून माल उतरवतात. 1973 मध्ये व्हर्जी आणि बर्नार्ड शोर यांना असे एक मेदवाहक प्रथिन सापडले. त्याला पुढे 'अपोलिपोप्रोटीन ई', थोडक्यात 'अपोई', असे नाव मिळाले.

अपोई 299 दुव्यांचे आहे, आणि मनुष्यजातीत त्याची मुख्यतः तीन रूपे आढळतात. ई-2, ई-3 आणि ई-4 ही ती रूपे होत. त्यांच्यातील फरक केवळ 112 व्या आणि 158 व्या जागी असलेल्या दुव्यांचा आहे. 299 मध्ये दोन अक्षरे इकडची तिकडे झाली, एवढेच. ई-3 हे सर्वांत अधिक लोकांत आढळते. प्रत्येकाला एक रूप आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते. मेंदू हे प्रथिन रक्तातून घेत नाही. तो स्वतःच्या आधारपेशींत ते तयार करतो, आणि त्या नौकांवरून कोलेस्टेरॉल मज्जापेशींना पोचवतो. मज्जापेशींचे सांधे जुळण्यास आणि दुरुस्त होण्यास हा स्नेह लागतो.

1991 मध्ये जपानी संशोधकांना हे अपोई थेट अल्झायमर रुग्णांच्या ॲमिलॉइड ठिपक्यांतच आढळले. त्याच सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ॲलन रोझेस यांचा गट म्हातारपणी जडणाऱ्या अल्झायमरचे मूळ एकोणिसाव्या गुणसूत्रावर शोधत होता. अपोईचे जनुक नेमके तेथेच आहे. दोन वाटा एकत्र आल्या. 1993 मध्ये या गटाने ज्या कुटुंबांत ही व्याधी वारंवार दिसत होती त्यांचा अभ्यास करून जे जाहीर केले, त्याने शास्त्रजगत चकित झाले. ई-4 रूप एकही नसलेल्यांत धोका सुमारे 20 टक्के, तर दोन्हीकडून ई-4 आलेल्यांत तो 90 टक्क्यांवर. व्याधी सुरू होण्याचे सरासरी वयही 84 वरून 68 वर आलेले. हे आकडे त्या व्याधिग्रस्त कुटुंबांचे आहेत, सर्वसामान्य माणसांत धोका याहून पुष्कळ कमी असतो, हे येथेच सांगितले पाहिजे. पुढच्याच वर्षी ई-2 हे रूप काहीसे संरक्षक असल्याचेही दिसून आले.

पण मेदाचा हा नावाडी ॲमिलॉइडशी नेमके करतो काय? येथे एक मोठा बोधप्रद वाद उभा राहिला. ड्यूकच्या गटाने काचनळीत पाहिले, तेव्हा शुद्ध केलेले ई-4 ॲमिलॉइडला ई-3 पेक्षा लवकर चिकटले. म्हणजे ई-4 हेच साचण्यास मदत करते, असा तर्क निघाला. परंतु 1994 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी शुद्धीकरण न करता, मेदाने भरलेले अपोई घेतले, तेव्हा निकाल उलटा लागला. ई-3 अधिक घट्ट चिकटले. शुद्ध करण्याच्या क्रियेत नौकेतील माल काढून टाकला जात होता, आणि रिकामी नौका भरलेल्या नौकेसारखी वागत नव्हती. पुन्हा एकदा मेद धुऊन टाकल्याने शास्त्र चकले होते. ई-4 ही नौका मुळातच कमी माल वाहते, असेही पुढे दिसून आले.

1997 मध्ये एक निर्णायक प्रयोग झाला. ज्या उंदरांच्या मेंदूत मानवी ॲमिलॉइड साचावे अशी व्यवस्था केली होती, त्यांच्यातून अपोईचे जनुकच काढून टाकले. त्यांच्या मेंदूत ठिपके अत्यंत कमी झाले. म्हणजे साचण्याच्या क्रियेत या नावाड्याचा हात आहे, हे निश्चित झाले. 2011 मध्ये असे दाखवण्यात आले, की मानवी ई-4 असलेल्या उंदरांच्या मेंदूतून ॲमिलॉइड बाहेर जाण्याची गती मंद असते. तेव्हा आजचे मत असे आहे, की अपोई एकाच वेळी दोन कामांत गुंतलेले आहे. ॲमिलॉइडचे बीज धरण्यावर आणि ते धुऊन नेण्यावर, अशा दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. ई-4 चे पारडे साचण्याच्या बाजूला झुकते. धक्के तेच आणि प्रवासी अनेक, अशी मेंदूतही स्थिती आहे. ज्या ग्राहकांवर अपोई उतरते, तेच ॲमिलॉइड उतरवून घेण्याच्याही उपयोगाचे आहेत, त्यामुळे तेथे चढाओढ होते.

हा नावाडी एकटाही नाही. क्लस्टरिन, म्हणजेच 'अपोजे', हे दुसरे मेदवाहक प्रथिन आहे. ते 1983 मध्ये मेंढ्याच्या वृषणातील द्रवात प्रथम वर्णिले गेले, आणि 1993 मध्ये मेंदूभोवतालच्या द्रवात ॲमिलॉइडला धरून असलेले आढळले. 2009 मध्ये हजारो रुग्णांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा त्याचेही जनुक अल्झायमरशी निगडित निघाले. दोन वेगळे नावाडी एकाच प्रकरणात सापडावेत, हा योगायोग मानणे कठीण होते. आणि 2024 मध्ये ही कथा आपल्या आरंभाशी येऊन पोचली. दोन ई-4 असलेल्या रुग्णांच्या मेंदूतील रक्षकपेशींत मेदाचे थेंब साठलेले आढळले, आणि अशा पेशींचे स्राव मज्जापेशींना घातक ठरत होते. 1907 मध्ये अल्झायमर यांनी जे मेदाचे थेंब पाहिले होते, त्यांच्याकडे शास्त्राने 117 वर्षांनी पुन्हा वळून पाहिले.

आपल्या देशात हे चित्र कसे आहे? हरियाणातील बल्लभगड परिसरात भारत आणि अमेरिका यांच्या संशोधकांनी मिळून 55 वर्षांवरील 5,126 ग्रामस्थांची पाहणी केली. बहुसंख्य निरक्षर होते, म्हणून चाचण्याही त्यांना साजेशा तयार कराव्या लागल्या. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 65 वर्षांवरील लोकांत अल्झायमरचे प्रमाण एक टक्क्याच्या किंचित वर निघाले, आणि ते जगातील सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक होते. 2000 मध्ये त्याच लोकांतील अपोईचे निष्कर्ष आले. ई-4 तेथे अमेरिकेतील तुलनेच्या गटापेक्षा कमी लोकांत होते, परंतु ज्यांच्यात होते त्यांच्या बाबतीत व्याधीशी असलेले त्याचे नाते अमेरिकेतल्यासारखेच होते. पुढे 2023 मध्ये, वेगळ्या पद्धतीने केलेल्या देशव्यापी पाहणीवरून, 60 वर्षांवरील भारतीयांत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, असा अंदाज आला. भारतात ही व्याधी नाही, हे समाधान आता उरलेले नाही.

जन्मतःच आलेले जनुक सत्तरीत का बाधते, असा प्रश्न येथे साहजिकच मनात येतो. या प्रश्नाच्या मुळाशी काशीतच एक विद्वान आयुष्यभर बसला होता. काशी हिंदू विद्यापीठातील प्राणिशास्त्राचे प्राध्यापक मधुसूदन कानुनगो यांनी 1975 मध्ये असे प्रतिपादन केले, की वार्धक्य म्हणजे जनुकांच्या कार्यात वयोमानाने होत जाणारे बदल होत. तरुणपणी जी जनुके जागी असतात, ती उतारवयात तितकी जागी राहत नाहीत. 'जीन्स अँड एजिंग' हा त्यांचा ग्रंथ 1994 मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला, 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2011 मध्ये ते निवर्तले. अपोई हा काही त्यांचा विषय नव्हे. परंतु वारसा म्हणजे निकाल नव्हे, तो काळाबरोबर उलगडतो आणि बदलतो, ही जी दृष्टी त्यांनी दिली, तिचाच येथे आधार वाटतो. 2019 मध्ये कोलंबियातील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. चाळिशीतच अल्झायमर आणणारे जनुक तिच्या घराण्यात होते, तिच्यातही होते, ॲमिलॉइडही मेंदूत अलोट होते. तरीही सत्तरीपर्यंत तिची बुद्धी शाबूत राहिली. तिच्या अपोईमध्ये एक अतिदुर्मिळ बदल होता, आणि तोच तिला तारून गेला असावा, असे संशोधक मानतात.

म्हणून आज कोणी रक्त तपासून 'तुमच्यात ई-4 आहे' असे सांगितले, तर ते भविष्य समजू नये. ई-4 असूनही पुष्कळांची बुद्धी अखेरपर्यंत स्वच्छ राहते आणि ते नसतानाही अनेकांना व्याधी जडते. मात्र ही माहिती आता निरुपयोगीही राहिलेली नाही. ॲमिलॉइड हटवणारे लेकॅनेमॅब हे औषध 2023 मध्ये अमेरिकेत पूर्णपणे मान्य झाले. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने बुद्धीचा ऱ्हास 27 टक्क्यांनी मंदावला, थांबवला नाही. मेंदूला सूज येणे आणि त्यात रक्त झिरपणे हा त्याचा धोका दोन ई-4 असलेल्यांत सर्वांत अधिक दिसला. औषध कोणाला द्यावे हे ठरवतानाही या नावाड्याची विचारपूस करावी लागते.

श्रोतेहो, आता पुन्हा एकदा वाराणसीच्या त्या गल्ल्यांकडे वळू. सेवा कमी पडली म्हणून म्हातारा विसरभोळा झाला, हा आरोप या इतिहासाने पुष्कळ अंशी खोडून काढला आहे. मेंदूतील स्नेह वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाची दोन अक्षरे, साचत गेलेले ॲमिलॉइड आणि सरत गेलेला काळ यांची ती गुंतागुंत आहे. मुलाला न ओळखणारी आई त्याच्यावर रुसलेली नसते, आणि तिला सांभाळताना थकून गेलेली सून अपराधी नसते. पण कारण मेंदूत सापडले म्हणून सेवेची गरज संपली, असेही नव्हे. औषध ऱ्हास मंद करू शकेल, परंतु ज्या माणसाला आपले नावही आठवत नाही त्याला वेळेवर घास भरवणे, रात्री दाराची कडी लावणे, तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला तरी पहिल्यांदाच ऐकतो आहोत असे उत्तर देणे, हे काम घरातल्या माणसांनाच करावे लागते. तुपातेलालाही स्नेह म्हणावे आणि मायेलाही स्नेहच म्हणावे, असे आपल्या भाषेने फार पूर्वी ठरवून ठेवले आहे. वृद्धाच्या मेंदूत पहिला कमी पडू लागतो, तेव्हा दुसऱ्याने तरी त्याच्यापाशी राहावे.